चूल, पदर आणि पऱ्हाटी

जठारपेठेतून गावाकडे दौऱ्यावर निघालो की शेतकरी बंधू बोंडअळीचं विचारतात, कापसाच्या भावाचं विचारतात. चुलीपाशी कोण बसते, हे कोणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांवर माणसं मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. इतर अपघातांत बहुधा पुरुष जास्त दगावतात. भाजण्यात बायांचं प्रमाण किंचित जास्त आहे. जमिनीवरची चूल, पऱ्हाटीचा भडका अन् लोंबता पदर. नायलॉनचं लुगडं तर पेटलं की वितळून अंगालाच चिकटते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर आले, तरी अंघोळीचं पाणी पुष्कळ घरी चुलीवरच तापते. मात्र स्टोव्हच्या भडक्याच्या नावावर मांडलेली प्रत्येक घटना अपघातच नसते, हे पोलीस पाटलांना ठाऊक आहे.

रांगतं लेकरू खाली ठेवलेल्या वरणाच्या गंजात हात घालते. गडीमाणूस बहुधा कामावर भाजतो : पंपाचा स्टार्टर, उघडी तार, धुऱ्यावरचा जाळ. म्हाताऱ्यांची कातडी पातळ, अन् चटकन बाजूला होता येत नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटीचे ढीग ठेवू नका, हे आम्ही सांगतोच. घरात चुलीजवळ तर पऱ्हाटी नको, साठवलेला कापूसही नको. चूल ओट्यावर घ्या.

कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजल्या जागी २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. पेस्ट, शाई, बर्फ काही नको. मग स्वच्छ फडकं झाकून १०८ ला फोन लावा.