घरचा विषय प्रोजेक्टला चालते का?

बर्डीवर परीक्षेचा हंगाम ओळखायला कॅलेंडर पाहावे लागत नाही. झेरॉक्सच्या दुकानांपुढची गर्दी पाहावी. एका हातात पेन ड्राइव्ह, दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप आणि दुकानदाराला एकच सवाल, ‘भाऊ, स्पायरलचे किती?’ मागच्या वर्षीच्या कुणा दादाचा प्रोजेक्ट पहिले पान बदलून पुन्हा छापून निघतो. घाईत कधी कधी दादाचे नाव बदलायचेही राहून जाते. त्यावर सही होते, गुण पडतात आणि तो गठ्ठा कपाटात जातो. बाहेर निघतो तो थेट रद्दीवाल्याच्या गाडीवर.

गेल्या महिन्यात याच गर्दीतून वाट काढत एक मुलगी आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर आली. उत्तर नागपुरातल्या वस्तीतली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिची आमची ओळख भिंतीवरची. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र तिने शिडीवर उभे राहून पहाटेपर्यंत रंगवले होते. खाली उभे राहून सूचना करणारे पुष्कळ होते, त्यांत आम्हीही होतो.

तिने पिशवीतून निळ्या कव्हरची वही काढली. वहीत पुढच्या पाच वर्षांचे रकाने आखलेले. पहिल्या वर्षी कॅमेरा. दुसऱ्या वर्षी शॉर्ट फिल्म. तिसऱ्या वर्षी पुरस्कार. चौथ्या वर्षी मुंबई. पाचव्या रकान्यात एवढेच लिहिलेले होते, ‘आई-बाबांचे घर’. आम्ही विचारले, यात कॉलेजचा प्रोजेक्ट कुठे आहे? ती म्हणाली, ‘तो तं कॉलेजचा हाय ना सर. त्याचा न् याचा काय संबंध?’

तिला मिळालेला विषय होता ‘तरुणांवर सोशल मीडियाचा परिणाम’. अर्ध्या वर्गाला तोच. वीस प्रश्नांची प्रश्नावली, पन्नास जणांकडून टिकमार्क, शेवटी रंगीत आलेख. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणले, समाजसहभाग आणला. कागदावर गोष्ट चांगली आहे. पण क्षेत्र म्हणजे कोणते आणि समाज म्हणजे कुणाचा, हे ठरवणार कोण?

वहीच्या मागच्या पानांवर मात्र वेगळेच जग होते. पेन्सिलने काढलेली अकरा चित्रे. बापाच्या खांद्यावर बसलेली दहा वर्षांची पोर आणि तिच्यापुढे पांढऱ्या कपड्यांतला जनसागर. विड्या वळणाऱ्या बायकांची ओळ. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर डबा घेऊन निघालेला माणूस. ही तिची आजी आणि हा तिचा आजोबा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी बापाबरोबर गावाहून पायी नागपूरला आली होती. आता ती ऐंशीला टेकली आहे. मिल कधीच बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. आजोबाही गेले.

आम्ही म्हणालो, अगं, हाच तुझा प्रोजेक्ट. तिने आमच्याकडे असे पाहिले, जणू आम्ही तिची थट्टा करतो आहोत. मग हळूच म्हणाली, ‘सर, घरचा विषय प्रोजेक्टला चालते का?’

वाचकहो, हा प्रश्न एका मुलीचा नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक झाले, त्यांच्या पोरांना तो पडत नाही. आजोबांचा वाडा, आजीची पाककृती, काकांचे नाट्यमंडळ या सर्वांवर लेख होतात, प्रबंध होतात, माहितीपट होतात. त्याला संस्कृती म्हणतात. आमच्या पोराला मात्र वाटते की ज्ञान म्हणजे दुसऱ्याच्या घरचे. आपली वस्ती, आपली आजी, आपला भोंगा हे सारे कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत जायचे असते.

या प्रश्नाचे उत्तर १९१६ सालीच दिले गेले आहे. कोलंबिया विद्यापीठात, न्यूयॉर्कला. बाबासाहेब १९१३ साली तिथे गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरच्या प्रबंधाने एम.ए. झाले. त्यांनी अर्थशास्त्रापुरते राहून, पदवी घेऊन परतायचे ठरवले असते तरी कुणी बोल लावला नसता. पण ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये हा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी भारतातील जातींवर निबंध वाचायला उभा राहिला. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. आजच्या भाषेत सांगायचे तर तो एक क्लास प्रोजेक्ट होता.

विषय कुठून आणला? ग्रंथालयातून आणला आणि घरूनही आणला. जात त्यांनी साताऱ्याच्या शाळेत पाहिली होती, पाण्याच्या मडक्यापाशी पाहिली होती. पण निबंधात रडगाणे नाही, हे आमच्या लिहिणाऱ्या पोरांनी नीट ध्यानात घ्यावे. त्यांनी प्रश्न विचारला तो शास्त्रज्ञाचा. जात टिकते कशी? उत्तर दिले, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनाने. मग हे बंधन पाळायचे तर नवरा मेल्यावर मागे उरलेल्या बाईचे आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचे काय करायचे, हा हिशेब मांडला आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांचा संबंध त्या हिशेबाशी जोडून दाखवला. आपल्याआधीच्या नामवंत पंडितांची मते एकेक घेऊन तपासली. आणि आपले म्हणणे टिकत नाही असे कुणी दाखवून दिले तर ते सोडायची तयारी आहे, असेही शेवटी सांगितले. जखम घरची, पद्धत विद्यापीठाची. असा तो निबंध आहे.

मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आता त्याच वर्षी करिअरचे काय झाले ते पाहा. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याला नोकरी धरली. तिथे राहायला जागा मिळेना, जातीने पाठ सोडली नाही, थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. पाच वर्षांचे रकाने आखून ठेवले असते तर तिथेच पुसले गेले असते. पण निबंध पुसला गेला नाही. १९४४ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी नोंदवले आहे की तो जुना निबंध या ग्रंथात सामावून घेण्याचा त्यांचा विचार होता, पण सवड मिळाली नाही. म्हणजे विद्यार्थिदशेत सेमिनारमध्ये वाचलेला कागद सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनंतरही त्यांच्या टेबलावर होता. आमच्या पोरांचा प्रोजेक्ट सत्तावीस दिवसही टेबलावर राहत नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी. हे वाक्य आमच्या समाजात फार सोयीचे झाले आहे. चला, जवळचे उदाहरण घेऊ. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे. मराठी घेऊन एम.ए. झाला आणि नंतर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेला. तिथल्या अभ्यासक्रमासाठी फिल्म करायची होती. त्याने ‘पिस्तुल्या’ केली, शाळेची ओढ लागलेल्या पारधी पोराची गोष्ट. त्या छोट्या फिल्मला दिग्दर्शकाच्या पहिल्या कलाकृतीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्यातला पोरगा सूरज पवार पुढे ‘फँड्री’त दिसला, ‘सैराट’मध्येही दिसला. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला नटसुद्धा मागे राहिला नाही, दिग्दर्शकाबरोबर पुढे गेला.

तोच मंजुळे पुढे नागपुरात आला. ‘झुंड’ ही २०२२ सालची फिल्म इथल्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलची. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर बेतलेली. हिस्लॉप बर्डीपासून किती लांब? चालत जाता येते. म्हणजे मुंबईचा कॅमेरा विषय शोधत आमच्या गल्लीत येतो आणि आमची पोरगी विषय शोधत मुंबईचे तिकीट काढायला निघते!

आणि ही बर्डी काय साधी जागा आहे? ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचा मुक्काम इथल्याच श्याम हॉटेलात होता. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ तारखेला, पत्रकारांशी बोलले ते इथेच. आज त्याच बर्डीत मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात, दररोज हजारो पोरे वर-खाली करतात. यातल्या किती जणांच्या आजी-आजोबांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले असतील? ते पाहणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिचे बोलणे टिपून ठेवायला फार वर्षे उरलेली नाहीत. आम्ही त्या मुलीच्या मागे लागलो ते म्हणून. सोशल मीडियाचा परिणाम पुढल्या वर्षीही मोजता येईल.

आता थोडे आमच्याच माणसांविषयी, कटू वाटले तरी. चळवळीने आपल्या कलावंत पोरांना काय दिले? जयंतीला डीजेवाल्याला रोख आगाऊ रक्कम मिळते. चित्र काढणाऱ्याला मिळतो हार, एक बिल्ला आणि ‘समाजाचे काम आहे’ हे वाक्य. बॅनर तिने करायचा, गीताचा व्हिडिओ तिने करायचा, पत्रिकेचे डिझाइन तिने करायचे, आणि तिच्या बापाने आम्हालाच विचारायचे, ‘चित्रं काढून पोट भरते का जी?’ बापाचा प्रश्न खोटा नाही. तो ऑटो चालवतो. शिष्यवृत्तीचे पैसे कधी खात्यात येतील याचा नेम नसतो, फी मात्र तारखेला भरावी लागते. त्याच्या डोळ्यापुढे नोकरी आहे, कारण नोकरीनेच आमच्या दोन पिढ्यांना वस्तीतून वर काढले. आज त्या नोकऱ्या कंत्राटावर चालल्या आहेत हेही त्याला दिसते. म्हणून तर तो अधिकच घाबरतो.

त्याला आम्ही काय सांगितले? कला की नोकरी, असा झगडा लावायचे कारण नाही. चित्रकला, डिझाइन, फिल्म यांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्था आहेत. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईचे जे. जे. आहे, अहमदाबादची एनआयडी आहे, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे आमच्या हक्काच्या राखीव जागा आहेत. त्या जागांवर दावा सांगायला नुसते मार्कशीट पुरत नाही. तुझ्या पोरीने आजवर काय केले, हे तिथे विचारले जाते. तेव्हा दाखवायला वीस रंगीत आलेख न्यायचे की आजीची गोष्ट? बाप काही बोलला नाही. चहाचे पैसे मात्र त्याने आम्हाला देऊ दिले नाहीत.

पोरीलाही बजावले. आजी आपली आहे म्हणून काम कच्चे चालणार नाही. आजी सांगते ते सन आणि गाव पडताळून घे. तिच्यासोबतच्या आणखी दोन बायांना विचार. विडीचा दर काय होता, हजार विड्यांमागे काय मिळायचे, पान कुठून यायचे, हे आजीला विचार. नुसते दुःख विचारू नको. ग्रंथालयात जाऊन त्या दिवसांची वर्तमानपत्रे पाहा. आवाज नीट ध्वनिमुद्रित करायला शिक, कारण चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात, आवाज फाटला तर उठून जातात. इंग्रजीला भिऊ नको आणि मराठीला लाजू नको. आणि पुढच्या जयंतीला बॅनर करशील तेव्हा मंडळाला बिल दे. आमच्या मंडळाला आधी दे.

विषय बदलून मागायला ती कॉलेजात गेली, तेव्हा पहिल्या वेळी तिला परत पाठवले गेले. हा काही विषय आहे का, असे ऐकावे लागले. दुसऱ्या वेळी ती अकरा चित्रे आणि एक पानाचा आराखडा घेऊन गेली. आराखड्यात तिने लिहिले होते की १९५६ नंतर एका कुटुंबाच्या रोजच्या जगण्यात काय काय बदलले, हे तीन स्त्रियांच्या मुलाखतींतून तपासायचे आहे. देवघर, नाव, खाणेपिणे, लग्न, शाळा, एवढ्या पाच गोष्टी. मंजुरी मिळाली. अट एवढीच की प्रश्नावली जोडायची. जोडेल बापडी.

परवा ती पुन्हा भेटली, मोरभवनच्या बसथांब्यावर. पहिल्या दिवशी आजी कॅमेऱ्यापुढे बसायलाच तयार नव्हती. माझ्यात काय पाहण्यासारखं हाय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच पेटीतून पांढरे लुगडे काढून, नेसून, खाटेवर बसून राहिली आणि नातीला म्हणाली, कवा सुरू करतं? चाळीस मिनिटे बोलली. घरी येऊन ऐकले तर त्यातली पंचवीस मिनिटे पंख्याच्या घरघरीत बुडालेली. आता रविवारी पंखा बंद करून पुन्हा बसायचे आहे. आजीने अट घातली आहे की मागच्या वेळी सांगितले ते पुन्हा सांगणार नाही, पुढचे सांगेन.