शवागारातून आलेली उंची

इन्सुलिन डुकराचे चालते, गाईचेही चालते. वाढीच्या हार्मोनचे तसे नाही. गाय-डुकराचे हार्मोन माणसाला लागूच पडत नाही. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी हे हार्मोन देईनाशी झाली आणि मुलाची उंची खुंटली, की डॉक्टरांपाशी उपाय नसे. १९५८ साली अमेरिकेत मॉरिस रेबन यांनी मृतांच्या ग्रंथींतून काढलेले हार्मोन सतरा वर्षांच्या एका मुलाला टोचले आणि तो वाढू लागला.

मग ग्रंथी गोळा करण्याची धांदल उडाली. एका मुलाच्या वर्षभराच्या इंजेक्शनांसाठी कित्येक प्रेतांच्या ग्रंथी लागत. १९६३ साली अमेरिकेने त्यासाठी राष्ट्रीय संस्थाच काढली; ब्रिटनमध्ये शवागारातल्या नोकरांच्या हातावर दर ग्रंथीमागे चिल्लर टेकवली जाई. हजारो ग्रंथी एकत्र करून त्यांचा अर्क निघे. नेमकी गोम इथेच होती. क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने गेलेल्या एखाद्याची ग्रंथी त्यात आली, तर अख्खी खेप नासे. रोगाचे मूळ असलेले प्रिऑन हे बिघडलेले प्रथिन फॉर्मॅलिनलाही दाद देत नाही.

रेबन यांच्या पिढीला दोष देता येणार नाही. तेव्हा हे कुणाला ठाऊकच नव्हते. पण मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाचे अभ्यासक ॲलन डिकिन्सन यांनी १९७६ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेला स्पष्ट इशारा दिला होता. तरीही इंजेक्शने चालूच राहिली. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन, आणि ब्रिटिश न्यायालयानेही १९९६ साली तेच म्हटले.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणाला विमानात चक्कर आली. पुढे तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि वर्ष सरण्याआधीच तो गेला. लहानपणी त्याने हे हार्मोन घेतले होते. त्याच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी सरकारला कळवले. शोध घेता आणखी मृत्यू उजेडात आले. एप्रिल १९८५ मध्ये वाटप थांबले. योगायोग असा, की त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या हार्मोनला परवानगी मिळाली. आज मुलांना मिळते ते प्रयोगशाळेतले. त्याला प्रेत लागत नाही. त्या जुन्या हार्मोनमुळे फ्रान्समध्ये मात्र शंभराहून अधिक जण दगावले.

हिशेब अजून मिटलेला नाही. लहानपणी ती जुनी इंजेक्शने घेतलेल्या काहींना ऐन चाळिशी-पन्नाशीत अल्झायमरसारखा विसरभोळेपणा जडल्याचे लंडनच्या संशोधकांनी २०२४ साली नोंदवले.