क्यूभोवतीचा पसारा

जुने बिलियर्ड्सचे क्यू जमवणारे पुष्कळ आहेत. क्यूच्या सोबतीच्या वस्तूंकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. एखादा क्लब मोडला की टेबलाला गिऱ्हाईक मिळतं, क्यूही जातात. खडूच्या डब्या, टिपांची खोकी, पत्र्याच्या नळ्या, रेस्टची पितळी डोकी हा किरकोळ माल भंगारात जातो. माझ्या मते या खेळाचा खरा इतिहास त्या भंगारातच आहे.

टिप घ्या. फ्रेंच लष्करातला कॅप्टन मेंगो कैदेत असताना बिलियर्ड्स खेळत बसे. १८०७च्या सुमारास त्याने क्यूच्या टोकाला चामड्याची चकती बसवली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देणं शक्य झालं. चामडं घसरू नये म्हणून खडूचं महत्त्व वाढलं. पण आज आपण ज्याला खडू म्हणतो, त्यात खडू नसतोच. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकी खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ, या दोघांनी शिकागोत सिलिका आणि कुरुंदाच्या जातीची पूड यांचं मिश्रण बनवलं. पेटंट मिळालं ९ मार्च १८९७ला. संग्राहकाला त्या ठोकळ्यापेक्षा त्यावरचं कागदी लेबल मोलाचं. ओल लागलेलं लेबल वाचवता येत नाही, म्हणून न फोडलेलं खोकं मिळालं तर घासाघीस करू नये.

रेस्ट आणि स्पायडर, म्हणजे लांबच्या फटक्याला क्यू टेकवायच्या काठ्या, यांच्याबद्दल एवढंच, की पितळ ब्रासोने चकचकीत करणाऱ्याला संग्राहक म्हणू नये.

माझा खरा जीव बिल्ल्यात. इंग्रजी क्यूच्या मुठीवर एक बाजू सपाट तासून तिथे हाडाची किंवा सेल्युलॉइडची छोटी पट्टी बसवत. तिच्यावर कंपनीचं नाव, विजेत्याचं नाव आणि त्याच्या विक्रमी ब्रेकचा, म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेल्या गुणांचा, आकडा असे. जॉर्ज ग्रे या ऑस्ट्रेलियन पोराने १९११ साली २१९६चा ब्रेक केला आणि तो आकडाच क्यू विकू लागला. बॅटवर खेळाडूची सही छापून खपवण्याची युक्ती आपल्याला ओळखीची आहे, हे तेच. आकडा मोठा, म्हणून क्यू भारी असं मात्र नव्हे. सध्या सुटे बिल्ले साध्या क्यूवर चिकटवून विकणारे महाभाग आहेत. भिंगातून कडा पाहा. जुन्या बिल्ल्याची कड लाकडाशी सपाट असते, कोरलेल्या अक्षरांतली काळी शाई कुठे कुठे उडालेली असते. कडेला ताज्या सरसाची रेघ दिसली की पिशवी उचलून चालू लागावं.

नळी म्हणजे क्यू ठेवायची काळ्या रंगाची, कुलपाची पत्र्याची पेटी. सभासदाची आद्याक्षरं झाकणाजवळ रंगवलेली असत आणि नळी क्लबच्याच भिंतीवर राहत असे. किल्लीसकट मिळणारी नळी विरळा.

आपल्याकडे हा माल निघत नाही असं समजू नका. स्नूकरचा जन्मच १८७५चा, जबलपूरच्या लष्करी मेसमधला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. तेव्हा जुने जिमखाने, बंगले आणि चोर बाजार धुंडाळायला हरकत नाही.

फक्त पांढऱ्या वस्तूंपाशी थांबा. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, आणि सेल्युलॉइड चोळलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भप्पकन पेट घेतं. वस्तू हस्तिदंताची निघाली तर सौदा तिथेच सोडा. कितीही जुनी असो, हस्तिदंताची खरेदी-विक्री भारतात बेकायदा आहे.