तरुण कागद आधी का मोडतो?

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर उभा आहे. त्याचे घड्याळ सर्वांनी पाहिलेले असते. पण हा मनोरा मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा भाग आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या देणगीतून ही वास्तू १८७८ मध्ये पूर्ण झाली. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव दिले आहे.

या ग्रंथालयात छापील पुस्तकांबरोबर संस्कृत, अरबी, फारसी हस्तलिखितेही आहेत. अशा जुन्या संग्रहांत एक कोडे आढळते. दोनशे वर्षांच्या पोथीचे पान सहज लवते. पण शंभर वर्षांच्या छापील पुस्तकाचे पान दुमडले, की तुकडाच हातात येतो! असे का व्हावे?

कागद म्हणजे सेल्यूलोजच्या तंतूंची जाळी. सेल्यूलोजचा रेणू लांबलचक साखळीसारखा असतो. साखळ्या लांब, तोवर कागद चिवट. पूर्वी हातकागद चिंध्या, जुने दोर यांपासून करीत. त्यांतील साखळ्या लांब असत. एकोणिसाव्या शतकात छपाई वाढली, चिंध्या अपुऱ्या पडल्या आणि लाकडाचा लगदा वापरात आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि ॲल्युमिनियम सल्फेट घालू लागले. घात झाला तो येथे. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन या सल्फेटापासून आम्ल तयार होते. आम्लाच्या साहाय्याने पाणी सेल्यूलोजची साखळी तोडते. आम्ल मात्र खर्च होत नाही. ते पुढची कडी तोडायला मोकळेच राहते! उष्णता आणि दमटपणा यांनी ही क्रिया वाढते. मुंबईच्या हवेत दोन्ही भरपूर.

यावर उपाय आहे. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या अल्कधर्मी संयुगांनी कागदातील आम्ल मारता येते. परंतु तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत. म्हणून उपचार वेळेवर हवा, आणि तोवर पुस्तक थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी हवे. पानांची छायाचित्रे घेतली तर मजकूर वाचतो. पण कागद, शाई, समासातील टिपा यांची साक्ष मूळ प्रतीतच मिळते. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे, त्याच्या बाबतीत उशीर म्हणजे कायमचे नुकसान.

एक सोपा प्रयोग करा. वर्तमानपत्राच्या पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाका आणि पट्टी आठवडाभर उन्हात ठेवा. उघडा भाग पिवळा पडेल. लाकडाच्या लगद्यात राहिलेल्या लिग्निनवर प्रकाशाचा हा परिणाम होतो. मग शाळेच्या ग्रंथालयातील सर्वांत जुने पुस्तक शिक्षकांच्या परवानगीने हळूच उघडून पाहा. ते खिडकीजवळ उन्हात असेल, तर आजच त्याची जागा बदलायला सांगा. आणि खुणेसाठी पानाचा कोपरा? तो मात्र कधीच दुमडू नका.