केडीएमचा धूर

मुंबईच्या झवेरी बाजारात जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर सोनारकामाचे लहान लहान गाळे आहेत. कारागीर मांडी घालून बसलेले, त्यांतले पुष्कळ बंगालकडचे. साखळीच्या कडीला टाकणखार लावायचा, त्यावर डाखाचा कण ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत नेमकी त्या कणावर वळवायची. कण पाझरतो, सांधा बसतो. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद. काम बारीक, म्हणून नाक दागिन्यापासून वीतभर अंतरावर.

डाख केडीएमचा असेल तर त्यात साधारण ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम असतं. तांबं जास्त असलेल्या जुन्या डाखामुळे दागिना आटवला की कस उतरायचा. ती अडचण कॅडमियमने सोडवली. धूर मात्र कारागिराच्या वाट्याला आला. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. ज्योतीखाली त्याची वाफ होते आणि तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर उतरतात.

अमेरिकेतल्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा संस्थेने १९९२ साली मर्यादा घातली: आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम कॅडमियम. दहा बाय बारा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या गाळ्यात सुमारे ३० घनमीटर हवा मावते. पाळीभर तिच्यात १५० मायक्रोग्रॅम कॅडमियम तरंगत राहिलं, की मर्यादा गाठली. १०० मिलिग्रॅम डाखात ते ८ मिलिग्रॅम असतं; त्याचा पन्नासावा हिस्सा उडाला तरी पुरे! आणि हा हिशेब साऱ्या खोलीचा. ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या नाकापाशी प्रमाण कितीतरी जास्त, म्हणूनच मोजणीचा पंप कामगाराच्या कॉलरपाशी लावतात.

धूर लगेच झोंबत नाही, हा खरा घात. काही तासांनी ताप येतो, अंग दुखतं, छाती भरते. कारागीर फ्लू समजून गोळी घेतो. मात्रा मोठी असेल तर फुप्फुसात पाणी होऊन जीवही जातो.

रोजच्या थोड्याथोड्या धुरातलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. तिथे ते निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षं लागतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तेव्हा नुकसान बहुधा कायमचं झालेलं असतं. शिवाय कॅडमियम कर्करोगकारक आहे.

तोंडाला बांधलेला रुमाल धुराचे सूक्ष्म कण अडवत नाही. कॅडमियमविरहित डाख मिळतो, लेझरने सांधे जोडता येतात. जिथे केडीएमचा डाख अजून वापरतात, तिथे ज्योतीशेजारीच धूर ओढून बाहेर टाकणारी नळी हवी आणि कारागिरांची लघवी नियमित तपासायला हवी. हा खर्च दागिन्याच्या घडणावळीत धरावा.