प्रयोगशाळेतील अडगळ आणि एक निरोपाची भेट

निरोप समारंभात काय द्यावे, हा प्रश्न शाळेच्या कर्मचारीवर्गाला फार काळ छळतो असे नाही. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि वर्गणी थोडी अधिक जमली तर सूटकेस, ही यादी ठरलेली आहे. ज्याला उद्यापासून कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नाही त्यालाच आपण घड्याळ देतो, यातील विनोद कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या शाळेतील प्रयोगशाळा परिचर निवृत्त व्हावयाचे ठरले तेव्हा मात्र तरुण शिक्षकांनी निराळाच विचार मांडला. ज्या उपकरणांवर या गृहस्थाने तीस वर्षे फडके फिरविले त्यांपैकीच मोडीत निघालेल्या एखाद्याचा टेबलावरचा दिवा करून द्यावा. तशा दिव्यांची छायाचित्रे त्यांनी पाहिली होती. स्पर्शज्या गॅल्व्हनोमीटरच्या पितळी कड्यात बल्ब बसविला की तो मोठा शोभिवंत दिसतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांलाही कल्पना आवडली.

या परिचरांना सारी शाळा 'दादा' म्हणे. त्यांचे शिक्षण बेताचे. परंतु प्रयोगशाळेत त्यांची नजर चुकविणे कोणाला जमले नाही. भिंतीवर फॉर्टिनचा वायुभारमापक टांगलेला असे. पुस्तकात पाऱ्याची उंची ७६ सेंटिमीटर दिलेली, म्हणून मुले न पाहताच वहीत ७६ लिहून मोकळी होत. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. येथे पारा ७१-७२च्या आसपासच उभा राहतो. दादा वह्यांच्या गठ्ठ्यातून ७६ लिहिणाऱ्या वह्या वेगळ्या काढीत आणि मुलाला खुणेने भिंतीकडे पाठवीत. "बेटा, यह भोपाल है, बंबई नहीं," एवढेच बोलत.

आता आमच्या चुकीकडे येतो. त्याच सत्रात प्रयोगशाळेतील निरुपयोगी सामानाची यादी झाली होती. महाराष्ट्रात ज्याला निर्लेखन म्हणतात त्याला आमच्याकडे अपलेखन म्हणतात. शब्द कोणताही असो, कागद तेच आणि सह्याही तितक्याच. समितीचे अध्यक्ष आम्ही. आमची पदवी मराठीची. व्हीटस्टन सेतू आणि सोनोमीटर यांतील भेद आम्हांला पाटी वाचूनच कळतो. धूळ बसलेले ते 'निरुपयोगी', या सरळ न्यायाने आम्ही दहा मिनिटांत सारी पाने सही करून परत केली. दादा दाराशी उभे होते. त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारल्यावाचून बोलण्याची त्यांची रीत नव्हती.

लिलावात सामान कबाड्याने घेतले. अध्यक्षानेच बोली लावणे बरे दिसले नसते. म्हणून शिक्षकांनी कबाड्याला गाठून, पितळेच्या भावावर थोडे अधिक देऊन, दोन पोती सामान पावतीसह परत आणले. ती पोती आम्ही अयोध्या नगरात आमच्या शेजाऱ्यांकडे नेली. हे गृहस्थ भेलमधून निवृत्त झालेले टर्नर. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि पुढे पिपलानी-गोविंदपुरा भागात जी मराठी कुटुंबे आली, त्यांपैकीच एका घरातले. मागच्या अंगणात त्यांचा लहानसा लेथ आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हांला हाक मारली. गॅल्व्हनोमीटर पुसून, लेथच्या लोखंडापासून दूर, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला होता. शेजारी एक सेल, एक रोधपेटी. त्यांनी तार जोडली. काटा एका बाजूस ४४ अंशांवर जाऊन स्थिरावला. तारा उलट केल्या. काटा दुसऱ्या बाजूस नेमका ४४वर.

"मास्तर, हे मोडीत कोणी काढलं? ह्यात फक्त धूळ होती."

"काढणारा तुमच्यासमोर उभा आहे," आम्ही म्हणालो.

"मग भोक पाडू का बल्बसाठी? तुम्ही सांगाल तसं."

हे यंत्र म्हणजे कोणी फार दुर्मीळ रत्न नव्हे. क्लोद पुईए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३७ साली ते सिद्ध केले आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे जगभरच्या शाळांतून ते दिसू लागले. उभ्या वर्तुळावर तारेचे २, ५० व ५०० फेरे, मधोमध होकायंत्राची डबी; विजेचा प्रवाह एका बाजूने ओढतो, पृथ्वीचे चुंबकत्व दुसऱ्या बाजूने, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत काटा जेथे थांबेल त्या कोनाच्या स्पर्शज्येवरून प्रवाह काढावयाचा. आत काय चालले आहे ते सगळे डोळ्यांना दिसते. आजच्या मीटरवर आकडा उमटतो. तो कोठून आला हे मुलाला दिसत नाही. दिवा करावयाचा म्हणजे नेमकी ती होकायंत्राची डबी काढून तेथे बल्ब बसवावयाचा.

त्या रात्री आम्हांला पुण्याच्या वेधशाळेची गोष्ट आठवली. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ती उभी राहिली आणि डब्लिनच्या ग्रबची २० इंची परावर्तक दुर्बीण तेथे आली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे सर्वस्व होते. १८९८च्या जानेवारीतील खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाच बंद करण्यात आली. मनुष्य गेला की यंत्राचाही निकाल लावावयाचा, ही आपली खोड तेवढी जुनी आहे. मात्र त्या वेळी ग्रबचा आरसा मोडीत गेला नाही. सारी सामग्री कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली, आणि पुढे 'भावनगर दुर्बीण' या नावाने ती तेथे खगोलशास्त्रज्ञांच्या कामी आली. शोभेची वस्तू म्हणून ती कोणा संस्थानिकाच्या दिवाणखान्यात गेली असती तर तिचे नावही आज कोणास ठाऊक नसते.

सकाळी आम्ही शेजाऱ्यांना सांगितले, भोक पाडू नका. तरुण शिक्षक थोडे हिरमुसले. त्यांचेही चुकत नव्हते, समारंभ चार दिवसांवर आला होता. पोत्यात खरोखर मेलेले सामानही पुष्कळ होते. एका तराजूच्या अकीकाच्या धारा फुटल्या होत्या, सोनोमीटरची पेटी उकलली होती, आणि वायुभारमापकाची काचनळी तडकली होती. (पारा दादांनी पूर्वीच घट्ट बुचाच्या बाटलीत भरून ठेवला होता. पाऱ्याच्या विषाविरुद्ध २०१३ साली मिनामाता करार झाला. दादांना तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण मुलांना पाऱ्याशी खेळू देत नसत.) सोनोमीटरच्या फळीची बैठक झाली, तराजूचा पितळी खांब उभा राहिला, त्याच्या दांडीला बल्ब टांगला, आणि खांबाला वायुभारमापकाची पितळी मोजपट्टी जोडली. शेजाऱ्यांनी तीवरील व्हर्नियर कायमचा आवळून टाकला तो ७१.६वर. दिवा झाला. गॅल्व्हनोमीटर त्याच्यासोबत, जसा होता तसाच द्यावयाचा ठरला.

या नाजूक सुईला लोखंड किती जाचते याचा मोठा दाखला आपल्याच कोकणात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे दिसू लागले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. तेथील इमारत अचुंबकीय पोरबंदरी दगडाची बांधली. आमच्या समारंभाच्या टेबलाशी मात्र लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि लाउडस्पीकरचा भला मोठा खोका होता.

दादांनी दिवा पाहिला, पट्टीवरचा आकडा वाचला आणि हसले. मग दुसऱ्या भेटीवरचा कागद काढला आणि हसू थांबले. आमच्याकडे एकवार पाहिले. हार घेऊन पाहुणे उभेच होते. दादा खाली वाकले, बैठकीचे तिन्ही स्क्रू फिरवून पातळी साधली आणि काट्याकडे पाहून मान हलविली.

"साहब, ये डिब्बा ज़रा हटवा दीजिए। और कुर्सियाँ भी।"

लाउडस्पीकर हलविला तशी पाहुण्यांच्या भाषणाची सुरुवात कोणाला ऐकू गेली नाही. पुढच्या रांगेतील मंडळी उठून उभी राहिली, खुर्च्या भिंतीकडे गेल्या. दादांनी कडे हळूहळू फिरविले. काटा थरथरला, हेलकावला आणि शून्यावर येऊन उभा राहिला. तेव्हा त्यांनी हारासाठी मान पुढे केली.