एका रॅलेची वाटणी

सकाळी सहाच्या सुमारास गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या रस्त्यावर उभे राहिले, तर हेल्मेट घातलेली मंडळी सायकलींवरून दौलताबादच्या घाटाकडे निघालेली दिसतात. त्यांतल्या काही सायकलींच्या किमतीत एखादी मोटारसायकल येईल. त्याच रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांमध्ये, जुन्या घरांच्या जिन्याखाली, रद्दी आणि फुटक्या कुंड्यांच्या मागे, एखादी काळी, उंच, लोखंडी सायकल भिंतीला टेकून उभी असते. पहिलीची किंमत बिलावर छापलेली असते. दुसरीची कोण सांगणार?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून असले प्रश्न माझ्या दाराशी येऊ लागले. बाई बँकेत अधिकारी होत्या, म्हणजे त्यांना सगळ्या वस्तूंच्या किमती ठाऊक असणार, अशी लोकांची एक गोड समजूत असते. वास्तविक बँकेत आम्ही किंमत कधी ठरवलीच नाही. सोने सराफ पाही, घर व्हॅल्युअर पाही. त्यांनी लिहून दिलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, एवढेच आमचे काम. जुन्या सायकलीच्या बाबतीत नेमकी हीच सवय उपयोगी पडते, कारण या बाजारात आकडे सांगणारे पुष्कळ आणि पैसे मोजणारे थोडे.

२०२२ साली आमच्या गल्लीतले एक घर विकायला निघाले. घरातले गुरुजी नव्वदी ओलांडून वारले होते. काकू मुलाकडे पुण्याला जाणार होत्या. मुलगा आणि मुलगी दोघेही समजूतदार. घराचे पैसे, भांडीकुंडी, पुस्तके सगळे बिनबोभाट वाटले गेले. अडले ते जिन्याखालच्या रॅलेपाशी. मुलीला ती हवी होती. लहानपणी नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत ती याच सायकलीवर शिकली होती. भाऊ म्हणाला, "ने की. पण ही विलायती आहे. मोबाईलवर अशीच एक पंच्याऐंशी हजारांना लावलेली आहे. तेवढी तुझ्या हिश्श्यात धरू." बहिणीचे डोळे भरले. भंगारवाल्याने त्याच सकाळी वजनावर साडेपाचशे सांगितले होते. काकूंनी मला बोलावले आणि म्हणाल्या, "अगं, तू परकी आहेस म्हणून तुलाच विचारते. सायकलीपायी या दोघांचं बोलणं बंद नको व्हायला."

आता, साडेपाचशे आणि पंच्याऐंशी हजार यांच्या मध्ये फार मोठे मैदान आहे. त्यात भावाने आणखी एक हिशेब आणला होता. सायकलीची पावती गुरुजींनी जपून ठेवली होती. साल १९५०, रक्कम दोनशे ऐंशी, आणि तीही हाली रुपयांत. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि निजामी चलन त्यानंतरही काही वर्षे चालत राहिले. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते. म्हणजे दोनशे चाळीस कलदार रुपये. भाऊ म्हणाला, "आठ टक्क्यांनी नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते. बहात्तर वर्षांत आठ वेळा दुप्पट. एकसष्ट हजार चारशे चाळीस! ताई, हा तर तुमच्या बँकेचाच हिशेब."

हिशेब बरोबर होता, पण तो मुदत ठेवीचा. ठेवीच्या पावतीला गंज चढत नाही आणि तिचे टायर बदलावे लागत नाहीत. उलट कंपन्यांच्या वहीतला घसारा लावला, दरसाल पंधरा टक्के, तर त्याच दोनशे चाळीस रुपयांचे बहात्तर वर्षांत पैशाच्या पाचव्या हिश्शाएवढेही उरत नाही. दोन्ही गणिते चोख आणि दोन्ही निरुपयोगी. वय हे जुन्या वस्तूच्या किमतीचे कारण नसते. तशाच किती उरल्या आणि त्या कोणाला हव्या आहेत, यावर सगळे असते. ॲटलास कंपनीने ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला तेव्हा घरातली ॲटलास आता सोन्याची झाली असे अनेकांना वाटले. तसे काही झाले नाही. लाखोंनी निघालेली सायकल कारखाना बंद पडल्याने दुर्मीळ होत नाही.

विलायती रॅलेचे वेगळे आहे. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला हा कारखाना. त्याच्या सायकली आपल्याकडे बोटीने येत आणि डॉक्टर, वकील, तालेवार मास्तर त्या घेत. स्वातंत्र्यानंतर आयातीला लगाम बसला. मुंबईत वरळीला हिंद सायकल होतीच. पुढे मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनीपतला ॲटलास आणि लुधियानाला हिरो बनू लागली. रॅलेचे नावही भारतात उतरले ते बंगालमधल्या आसनसोलला, सेन-रॅलेच्या रूपाने. आसनसोलची सायकल वाईट नव्हती, पण हौशी गिऱ्हाईक पैसे मोजतो ते नॉटिंगहॅमसाठी. म्हणून पहिला प्रश्न असा, की ही खरेच विलायती आहे काय?

समोरच्या बॅजवर बगळ्याची मान आहे, एवढ्यावर हुरळून जाऊ नये. बॅज दहा मिनिटांत बदलता येतो. फ्रेमच्या नंबरावरून रॅलेचे साल काढणेही भरवशाचे नाही. सूतगिरणी चौकाकडे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक चाचा आहेत, त्यांना मी बरोबर घेतले. त्यांनी नट सैल करून आटे पाहिले. जुन्या नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचाला सव्वीस, इतर कंपन्यांचे सहसा चोवीस. आपल्या डब्यातला नट त्यांनी लावून पाहिला, तो दीड फेऱ्यातच अडला. चाचा म्हणाले, "बाजी, असली है."

मग मागचे चाक. चिंध्यांनी आणि रॉकेलने हब पुसला तेव्हा त्यावर स्टर्मी-आर्चरचे नाव, 'एडब्ल्यू' ही अक्षरे आणि पन्नासचा आकडा उमटला. हा तीन गिअरचा हब १९३६ पासून बनतो आणि कारखाना त्यावर सालाचा शिक्का मारत असे. हब नंतरही बसवता येतो, त्यामुळे हबाचे साल म्हणजे सायकलीचे साल असे छातीठोक म्हणता येत नाही; पण इथे हब आणि पावती एकच बोलत होते. बँकेच्या भाषेत, दोन कागद जुळले.

पण हँडलवर गिअरचा खटका कुठेच नव्हता. तार तुटल्यावर कोणीतरी तो काढून टाकला असावा. या हबाची गंमत अशी, की तार नसली की तो आपोआप तिसऱ्या, सर्वांत जड गिअरमध्ये जाऊन बसतो. म्हणजे गुरुजी कित्येक वर्षे सपाटीच्या गिअरपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जड सायकल मारत शाळेत जात होते. "तरीच हे चढ आला की उतरून चालायचे," काकू म्हणाल्या, "मला वाटायचं दम लागतो." मुलीने माळ्यावरचा खिळेमोळ्यांचा डबा उपडा केला आणि त्यात खटका सापडला. असे काढून ठेवलेले भाग शोधण्यात तासभर घालवावा. किंमत वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

माळ्यावर मूळची ब्रुक्सची कातडी सीटही निघाली, पण उंदरांनी अर्धी खाल्लेली. १९८० नंतर कधीतरी रेक्झिनची मऊ सीट बसवली गेली होती. चेनचे बंद झाकण, ज्यात चेन तेलात फिरते, ते शाबूत पण खालून गंजलेले. डोक्याच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पाहिली, मधल्या नळीपासून अंतर सारखे भरले. म्हणजे फ्रेम वाकलेली नाही. समोरच्या नळीखालच्या रंगाला सुरकुती असेल तर सायकल कधीतरी जोरात आपटली आहे असे समजावे. ती नव्हती. दांड्यांचे ब्रेक चालत होते. मडगार्डावर नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला तसाच होता. तो काढून टाकू नये. तो सायकलीचा जन्मदाखला नसला तरी रहिवासी दाखला नक्कीच आहे.

रंगाचे मात्र वेळेवर वाचले. भावाने चिकलठाणा एमआयडीसीत पावडर कोटिंगचा भाव काढून ठेवला होता. चकचकीत केली की जास्त येतील, हा त्याचा विचार. घराच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. इथे काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा आणि पुसट झालेले नाव हीच निम्मी दौलत. रंग पुन्हा देता येतो, पहिला रंग पुन्हा मिळत नाही. मूळ सायकल कशी दिसते हे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय पाहावे. २०१७ साली ते सुरू झाले.

आमच्याकडे मिळते ती बहुधा अशी उभ्या हँडलची सायकल. पुण्या-मुंबईच्या काही घरांत मात्र वाकड्या हँडलची जुनी रेसर असते. मुंबई-पुणे शर्यतीच्या वेडाने झपाटलेला एखादा काका प्रत्येक मोठ्या कुटुंबात असायचाच. तिथे परीक्षा निराळी. फ्रेमवर रेनॉल्ड्स ५३१ चे लेबल असले तर लगेच भुलू नये, लेबल नवेही चिकटवता येते. सीटची दांडी बाहेर काढून मोजावी. ५३१ च्या चांगल्या फ्रेमची नळी पातळ, त्यामुळे आत जाणारी दांडी जाड, बहुधा २७.२ मिलिमीटर. आणि दांडी निघतच नसेल, तर तेच मोठे दुखणे. ॲल्युमिनिअमची दांडी पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिली की दोन्ही एकजीव होतात. मग उत्तम फ्रेमही निम्म्या भावाची. शिवाय रेसरला मापाचा माणूस लागतो. सहा फुटांच्या माणसाची सायकल पाच फूट चार इंचांच्या गिऱ्हाइकाला फुकट दिली तरी उपयोगाची नाही.

एवढे झाल्यावर भाव. मोबाईलवरचे पंच्याऐंशी हजार मी बाजूला ठेवायला सांगितले. ती लावलेली किंमत, आलेली नव्हे. चार महिने तीच जाहिरात तशीच असेल तर तिचा अर्थ एवढाच, की त्या किमतीला घेणारा कोणी नाही. तारण सोडवताना सावकार वस्तूचे वय विचारत नाही आणि मायाही विचारत नाही. डी सिका यांचा १९४८ चा 'बायसिकल थीव्ज' पाहिलेल्यांना गहाणातली सायकल सोडवण्यासाठी घरातल्या चादरी देणारी ती बाई आठवत असेल. आम्हाला प्रत्यक्ष झालेले सौदे हवे होते. चाचांकडून एक कळला: अशीच, पण गिअर नसलेली, नऊ हजारांना गेली. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून दुसरा: गिअर चालू, मूळ सीट, सगळे जागेवर, बावीस हजार. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातही मी दोनदा फिरून आले. तिथे असल्या सायकली सुट्या भागांत मोडल्या जातात. तो भाव मी धरला नाही.

बावीस हजार हा वरचा खांब धरला आणि खाली उतरले. सीट गेली, चार हजार. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, अठराशे. अठ्ठावीस बाय दीडचे टायर आपल्याकडे अजून सहज मिळतात हे आपले भाग्य, नाहीतर इथे मोठा खड्डा पडला असता. गिअरची तार, हबाच्या आतली नाजूक साखळी आणि ज्याला सगळा महाराष्ट्र 'ओव्हरऑइलिंग' म्हणतो ते, बाराशे. चेनचे झाकण, हजार. झाले आठ हजार. पुण्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवणे आणि त्याने घासाघीस करणे, याचे दोन हजार. राहिले बारा. पावती आणि बिल्ला यांचे दीड हजार मी वर घातले. हा माझा अंदाज. पण ज्या सायकलीचा इतिहास कागदावर आहे ती लवकर विकली जाते, हे त्या पुण्याच्या गृहस्थांनीच सांगितले होते. साडेतेरा हजार.

भावाचा चेहरा उतरला. "एवढेच?" मी म्हटले, "पंच्याऐंशीला गिऱ्हाईक आण, मी स्वतः बहिणीकडून लिहून घेते." तो गप्प झाला. पण त्यालाही न्याय हवा होता. त्याने साडेपाचशेला सायकल जाऊ दिली नव्हती, हे त्याचे उपकारच. आणि वाटणी दोघांत नव्हती, तिघांत होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचाही मुलांएवढाच हिस्सा असतो, ही गोष्ट आपल्या घरांत भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही. प्रत्येकी साडेचार हजार. काकू म्हणाल्या, "माझे राहू दे गं." मी राहू दिले नाहीत. कागदावर लिहिले.

बहिणीने नऊ हजार मोजायला पर्स उघडली, तेवढ्यात भाऊ सायकलीपाशी गेला आणि हँडलवरची लुकासची पितळी घंटी वाजवून पाहू लागला. "ही मला पाहिजे," तो म्हणाला. "अप्पा गल्लीच्या तोंडाशी वाजवायचे. आम्ही खेळ सोडून घरात पळायचो."

सुटी घंटी बाजारात आठ-नऊशेला जाते. पण घंटी नसलेली सायकल अपुरी म्हणून उतरते ती दीड हजाराने. चाचांचेही तेच मत पडले. मी घंटी दीड हजाराला धरली. भाऊ म्हणाला, "ताई, तुम्ही फार कडक." सायकल बारा हजारांची झाली. बहिणीने आईला साडेचार दिले आणि भावाला तीन. चाचांनी खिशातून पाना काढला आणि घंटीचा स्क्रू सोडवायला घेतला. तो सत्तर वर्षांत कोणी हलवलेला नव्हता, त्यामुळे रॉकेल टाकून अर्धा तास थांबावे लागले. तेवढ्यात काकूंनी चहा केला.